जिजीच्या हौदाला लावलेला चुना

त्या हौदाला चुना मी लावला. बादली आणि कुंचा घरून नेऊन, भर दुपारी, घराची मालकीण गावाला गेलेली असताना. तिनेच विश्वासाने ठेवायला दिलेल्या किल्लीने दार उघडून. कोणी तसं सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापक ‘जरा साफसूफ करून ठेवा’ एवढंच म्हणाले होते, आणि साफसूफ म्हणजे चुना नव्हे हे मला कळत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे साहेब येतील, मुख्याध्यापक येतील, नवं राज्य येईल, आणि वाचणाऱ्याला वाटेल की बिचारा मास्तर परिस्थितीत सापडला. सापडलो होतोच. पण कुंचा माझ्या हातात होता.

आमचं बऱ्हाणपूर तेव्हा नुकतंच नव्या राज्यात गेलं होतं. गाव जागचं हललं नव्हतं. तापी होती तिथेच होती, बुधवाऱ्यातला आमचा बोळ होता तेवढाच अरुंद होता. राजधानी मात्र नागपूरहून भोपाळला गेली होती आणि तिच्यामागे कागद हलू लागले होते. शाळेतले मराठीचे वर्ग कमी होणार, मराठीच्या मास्तरांना जिथे जागा असेल तिथे पाठवणार, अशी रोज एक नवी बातमी यायची. माझं वय तेव्हा पस्तीसच्या आसपास. घरी वडील होते, त्यांची नजर जवळजवळ गेलेली. भिंतीला हात लावत ते ओट्यापर्यंत यायचे आणि पायांच्या आवाजावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला ओळखायचे. दुसऱ्या गावात त्यांना कोणाचे पाय ओळखू आले असते? बदली झाली तर काय करायचं, या एका प्रश्नावर मी आणि बायको रोज जेवत होतो.

अशात मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. भोपाळहून एक साहेब येणार होते. नव्या राज्यात जुन्या इमारती कुठे कुठे आहेत याची यादी करायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांना जुनं शहर पायी फिरवून दाखवायचं होतं.

“इतिहास तुम्ही शिकवता,” मुख्याध्यापक म्हणाले. “हिंदी तुमची चांगली आहे. आणि बघा, बदल्यांच्या यादीवर या साहेबांचं काही चालत नाही. पण ज्यांचं चालतं ते यांचे मेहुणे आहेत.”

म्हणून मी साहेबांना घेऊन निघालो. शनवारा दरवाज्यापासून सुरुवात केली. मग जामा मशीद. तिथे अरबीच्या शेजारी संस्कृतात कोरलेला लेख आहे, तो दाखवला. साहेब खूश झाले. मग बाजारातून, बुधवाऱ्यातून किल्ल्याकडे न्यायचं आणि किल्ल्यातला हमाम, म्हणजे बेगमांचं न्हाणीघर, दाखवायचा, असा बेत होता. हमामाच्या छतावरची रंगीत चित्रं हाच त्या फेरीचा खरा शेवट. पण अर्ध्या वाटेवर शाळेचा शिपाई धावत आला. हमामाला कुलूप होतं, आणि किल्लीवाला सकाळीच फोपनारला लग्नाला गेला होता.

साहेब रुमालाने मान पुसत म्हणाले, “मास्टरजी, हमाम के लिए ही तो इतनी दूर आए थे.”

ऊन चढलं होतं. मी म्हणालो, इथे पाणी पिऊ या, आणि त्यांना घेऊन जिजीच्या दारात शिरलो.

जिजी म्हणजे आमच्या बोळातली रंगाऱ्यांची सून. आमचं तिचं नातं काही नव्हतं. तिच्या घरात पूर्वी कापड रंगवायचा धंदा होता. सासरा गेला, नवरा गेला, गिरणीचं कापड आलं आणि धंदा बसला. आता ती आणि तिचा चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा एवढे दोघंच राहत. सगळा बोळ तिला जिजी म्हणायचा, तिच्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा. माझी आई लवकर गेली. शाळेतून आल्यावर मी तिच्याच चुलीजवळ बसून भाकरी खायचो.

तिच्या अंगणात एक हौद होता. जुन्या विटांचा, चुन्याच्या गिलाव्याचा, पुरुषभर खोल, तीन उंच पायऱ्या उतरून आत जायचं. गावकोट जागोजागी ढासळला होता, त्या विटा आणून तिच्या आजेसासऱ्याने तो बांधला होता. म्हणून विटा खरोखरच जुन्या होत्या. त्यात नीळ भिजवायचे. आता त्यात सरपण आणि गोवऱ्या ठेवलेल्या असत.

साहेबांनी पाणी पिता पिता विचारलं, “यह क्या है?”

मी म्हणालो, “यह भी... हमाम ही है, साहब. छोटा. बेगमों का.”

हे तोंडातून कसं निघालं ते मला आजही सांगता येत नाही. आमच्या गावात एक सवय आहे. कुठलीही जुनी वीट दिसली की तिच्यावर एखादी बेगम नाहीतर शहजादा बसवायचा. पानवाला बसवतो, टांगेवाला बसवतो, परक्या माणसापुढे सगळेच बसवतात, आणि त्याने कधी कोणाचं काही बिघडलेलं नसतं. मीही तेच केलं असं म्हणता येईल. पण टांगेवाल्याचं बोलणं कोणी वहीत लिहून घेत नाही. साहेबांनी वही काढली. पायऱ्या मोजल्या, विटेची लांबी वितीने नव्हे तर पट्टीने मोजली, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “वाह, मास्टरजी!”

जिजी तांब्या घेऊन उभी होती. तिला ते गंमतच वाटलं. साहेब गेल्यावर तिने मला संध्याकाळी ओट्यावर गाठलं.

“काय रे मास्तर, माह्या हौदात बेगम न्हाऊन गेली आन् मलेच खबर नाही? साबण कोणता लावे ती, ते तरी सांग.”

“अगं, साहेबाला जरा खूश केलं.”

“कर बाबा, कर. गोवऱ्या काढून घेईन मी, बेगमले टोचतील.”

आम्ही दोघंही हसलो. वडीलही हसले, कशाला हसतोय ते न कळता.

महिन्याभरात बदल्यांची यादी लागली. माझ्याबरोबरच्या दोघांची नावं होती, माझं नव्हतं. उलट एक कागद आला की बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना दर रविवारी शहर दाखवण्याचं काम या शिक्षकाकडे राहील. बायकोने देवापुढे साखर ठेवली. आणि त्याच टपालाने दुसरा कागद आला, तो जिजीच्या नावाने होता. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने तो माझ्याकडेच आणला. अंगणातली जुनी वास्तू तपासणीखाली आहे. निर्णय होईपर्यंत ती पाडू नये, बुजवू नये, तिच्यावर काही बांधू नये.

मी तिला तो वाचून दाखवला. तिचं हसू गेलं.

“बुजवू नये?” ती म्हणाली. “मग पोराचे माग कुठी बसवू? माह्या डोक्यावर?”

तिचा मुलगा दुसऱ्याच्या कारखान्यात मागावर काम करायचा. बोळात वीज आली होती आणि त्याला दोन जुने विजेचे माग मिळत होते. हौद बुजवून, वर पत्र्याचं छप्पर टाकून ते अंगणात बसवायचे, असं मायलेकांचं कधीचं ठरलं होतं. घरात दुसरी तेवढी जागा नव्हती. हौद बुजला तर मुलगा घरी राहणार होता. नाहीतर मालेगावला जाणार होता. तिथे त्याला बोलावणं होतं.

“तू सांग ना साहेबाले,” ती म्हणाली. “म्हणा, निळीचा हौद आहे, माह्या सासऱ्याचा. तुले तर माहीत आहे सगळं.”

“सांगतो, जिजी. पुढच्या खेपेला आले की सांगतो.”

मला खरंच सगळं माहीत होतं. त्या घरात एक रीत होती. नवी सून आली की तिला पहिल्या दिवशी हौदात उतरवायचे, तिचा उजवा हात निळीत बुडवायचे आणि आतल्या भिंतीवर त्याचा ठसा घ्यायचे. त्यानंतरच ती चुलीपाशी जायची. हौदाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर असे चार हात होते. पहिला आजेसासूचा, दुसरा सासूचा, तिसरा थोरल्या जावेचा, चौथा जिजीचा. जिजी तेरा वर्षांची असताना या घरात आली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, तेव्हा तिने मला हौदात उतरवून तो ठसा दाखवला होता. मी त्यावर माझा हात ठेवून पाहिला. बरोबर बसला. “बघ,” ती म्हणाली होती, “एवढुसे हात घेऊन सैपाक करे मी बारा माणसांचा.” तिला तेव्हा तिशीही लागली नसेल. तिची करंगळी लहानपणी जात्यात सापडून जरा वाकडी झालेली होती, आणि ती वाकडी करंगळीही भिंतीवर उमटली होती.

पुढच्या महिन्यात साहेब मोठ्या साहेबांना घेऊन येणार असल्याचं पत्र आलं. मुख्याध्यापक म्हणाले, जरा साफसूफ करून ठेवा. जिजीची फोपनारला दिलेली मुलगी बाळंत व्हायची होती, म्हणून जिजी आठ दिवस तिकडे गेली होती. जाताना घराची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, तुळशीला पाणी घाल. पोरगा कारखान्यातून रात्री येतो, त्याला आठवण राहत नाही.

मी आधी सरपण बाहेर काढलं. गोवऱ्या काढल्या. त्यांच्यामागे ते चार हात होते. पहिल्या भेटीत ते साहेबांना दिसले नव्हते. आता दिसणार होते. कुठल्या हमामात बेगमांनी भिंतीला निळे हात लावले होते, हे मोठ्या साहेबांनी विचारलं असतं. मी पायरीवर बसून राहिलो. मला दोन रस्ते दिसत होते असं मी म्हणणार नाही. मला एकच दिसत होता. मी घरी गेलो आणि चुन्याची बादली घेऊन आलो.

पहिल्या हाताने निळं झाकलं नाही, फिकं झालं. दुसरा हात दिला. वाळेपर्यंत थांबलो. तिसरा दिला. हौदाच्या तळाशी हवा नव्हती, चुन्याच्या वाफेने डोळे चुरचुरत होते, वर चौकोनी आकाश आणि मी खाली. संपल्यावर पायऱ्या चढून वर आलो, तुळशीला पाणी घातलं, कुलूप लावलं.

जिजी आली आणि तिने हौद पाहिला. ती आत उतरली नाही. काठावरच बसली.

“हे कोनं केलं?”

“ऑफिसची माणसं आली होती,” मी म्हणालो.

“आन् तू होता इथी?”

“मी शाळेत होतो. किल्ली त्यांनी घरून मागून नेली.”

तिने काठाला सांडलेला चुना बोटाने पुसला. मग म्हणाली, “बुजवायचाच होता रे मले. माती टाकायचीच होती. पण मातीखाली राहिले असते ना ते हात. आमची जागा तिथीच राहिली असती.” एवढं बोलून ती दिवा लावायला आत गेली.

मोठे साहेब आले तेव्हा मी काही बोललो नाही. जिजी मात्र बोलली. डोक्यावरचा पदर सावरत, बाजारातल्या हिंदीत तिने त्यांना सांगितलं की हा हौद तिच्या घरच्यांचा आहे, इथे नीळ भिजवत, आतमध्ये तिच्या हाताचा ठसा होता. मोठे साहेब वाकून आत बघायला लागले. भिंत कोरी होती.

आमचे साहेब हसून त्यांना म्हणाले, “सबको यही डर रहता है कि मकान सरकार ले लेगी. पुराने ख़यालों की औरत है. क्यों, मास्टरजी?”

जिजीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली हौदाकडे पाहिलं.

“जी,” मी म्हणालो.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ लांब लांब खोटं बोललो असेन. त्या एका अक्षराएवढं मोठं बोललो नाही.

त्यानंतर रविवार येऊ लागले. पाहुणे कधी दोन, कधी दहा. शनवारा दरवाजा, मशीद, बाजार, जिजीचा हौद, किल्ला, राजघाट. नदीपलीकडे हात करून, बादशहाच्या बेगमेला आधी जिथे पुरलं होतं ती जागा सांगायची आणि फेरी संपवायची. वाक्यंसुद्धा ठरलेली होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, कुठे लोक ‘अच्छा!’ म्हणणार, सगळं ठरलेलं. हमामाची किल्ली आता कायम मिळायची, पण आलेले लोक हौदाबद्दल ऐकून आलेले असायचे. एकदा मी त्यांना दुसऱ्या गल्लीने नेऊन पाहिलं. एक वकील होते, त्यांनी वाटेत थांबूनच विचारलं, “वो बेगमों वाला हमाम किधर रह गया?” आणि मी सगळ्यांना परत फिरवलं. आमच्या बोळातून दोन माणसं एका वेळी जाऊ शकत नाहीत. मी पुढे, मागे पाहुण्यांची रांग. मला मागे फिरायचं असतं तरी फिरता आलं नसतं, असं वाटायचं. चूक होतं ते. फिरता आलं असतं. मी एकदाही प्रयत्न केला नाही.

जिजी सुरुवातीला दार उघडून आत निघून जायची. मग तिने टोमणे मारायला सुरुवात केली. ते मी सहन करायचो. खरं तर त्यांचीच वाट पाहायचो.

“आले का बेगमचे सोयरे? चपला काढा म्हणा, मास्तर. दरबार आहे.”

पाहुणे हसायचे. त्यांना वाटायचं म्हातारी विनोदी आहे.

मुलगा दीड वर्ष थांबला. त्या दीड वर्षात मी दोनदा अर्ज लिहून दिला, जिजीच्या वतीने. दोन्ही अर्जांत ‘कुटुंबाची अडचण’ असं लिहिलं, ‘हा हौद निळीचा आहे’ असं लिहिलं नाही. उत्तर आलं की प्रकरण विचाराधीन आहे. दोन मागांचा सौदा मोडला. ज्या दिवशी तो मालेगावला निघाला, त्या दिवशी मी त्याला स्टेशनवर सोडायला गेलो. लालबागच्या स्टेशनपर्यंत टांग्यात त्याची पेटी माझ्या मांडीवर होती. गाडीत चढताना तो म्हणाला, “मास्तर, तुमची बेगम आन् माझी आई, दोघींना सांभाळा.”

त्याला माहीत होतं का, हे मी अजूनही स्वतःला विचारतो. बहुतेक माहीत होतं. तो रात्री घरी यायचा, चुन्याचा ओला वास त्याला आला असेलच.

मी माझ्या वडिलांना सोडून जायला नको म्हणून जे केलं, त्याने तिचा मुलगा तिला सोडून गेला. हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसूनही मी रविवार चुकवला नाही. वडील दर रविवारी दुपारी विचारायचे, “आज काय काय दाखवलं?” मी सांगायचो. एकदा ते म्हणाले, “रंगाऱ्याच्या हौदावर नेतोस म्हणे. तुझ्या आईचं लग्नातलं लुगडं त्या हौदातून निघालं होतं. धुतलं तरी पाणी निळं निघायचं नाही, असा रंग. ते सांगतोस ना लोकांना?”

“सांगतो,” मी म्हणालो.

पावसाळ्यात हौदाची भिंत ओली व्हायची आणि चुन्याखालून निळं फुगून यायचं. बोटं नाहीत, नुसते ढग. दर भाद्रपदात मी काहीतरी निमित्त काढून जायचो आणि पुन्हा एक हात मारायचो. आता जिजीच्या समोर. ऑफिसचं सांगणं आहे, म्हणायचो. ती तांदूळ निवडत बसायची, वर बघायची नाही. एकदा फक्त म्हणाली, “कोपऱ्यात राहिलं बघ.” आणि मी तो कोपराही केला.

अशी चार वर्षं गेली. चौथ्या वर्षी वडील वारले. माझ्या डोक्यावरचं मोठं कारण गेलं. आता तरी सांगेन, असं मी स्वतःला म्हणालो, आणि तरी तीन महिने गेले. तेव्हा मला कळलं की वडिलांचं कारण मी वापरत होतो. मला साहेबांच्या तोंडचं ‘वाह, मास्टरजी’ हवं होतं. बोळातून जाताना लोक बाजूला होऊन मला वाट देत, ते हवं होतं. ही गोष्ट लिहिताना हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि दोनदा परत लिहिलं.

मग पाटी आली. पत्र्याची, निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. साहेब स्वतः आले होते, बरोबर भोपाळचे पाच-सहा पाहुणे. जिजीच्या अंगणाच्या भिंतीवर ती लावायची होती. गवंडी भोकं पाडायला लागला. विटेचा भुगा जिजीच्या तुळशीवर पडत होता. ती पायरीवर बसली होती, पाठ भिंतीला टेकलेली. अलीकडे तिचे गुडघे दुखायचे.

तिने त्या दिवशी टोमणा मारला नाही. मला हाक मारली.

“मास्तर, त्या पाटीवर काय लिहिलंय?”

“जागेचं नाव आहे.”

“वाचून दाखव मले. माह्या घराले लावून राहिले, मले कळायले पाहिजे ना.”

साहेब म्हणाले, “हाँ, हाँ, पढ़कर सुनाइए अम्माजी को.”

पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो. पहिली कागदपत्रं मी तिला वाचून दाखवली होती. तिच्या मुलाची मालेगावहून येणारी पत्रंही मीच वाचायचो. ‘यंदा दिवाळीला जमणार नाही’ हे मीच तिला तीनदा वाचून दाखवलं होतं. मी जे वाचतो ते खरं असतं, असं तिने आयुष्यभर धरलं होतं. परक्यांना मी चार वर्षं बेगमा दाखवल्या. पण ती ओळ तिच्याकडे बघून, तिला, वाचायची म्हटल्यावर माझी जीभ उचलेना. मी सुरुवात केली, “बेगमों...” आणि थांबलो.

“बोल ना,” जिजी म्हणाली. “काय झालं? चष्मा नाही आनला का?”

पुढचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी सांगावं लागणार नाही. साहेबांनी मला तिथे सर्वांदेखत काही म्हटलं नाही, पण दोन महिन्यांत माझी बदली जंगलपट्टीतल्या एका शाळेवर झाली. तिथे मी सहा वर्षं होतो. पाटी त्या दिवशी परत गेली. हौद यादीतून निघायला आणखी सव्वा वर्ष लागलं, कारण खोटं लिहायला एक वही पुरली होती आणि ते खोडायला फार कागद लागले. तोवर जिजीच्या मुलाने मालेगावातच लग्न करून बिऱ्हाड थाटलं होतं. तो परत आला नाही. हौद अजून तसाच आहे. बुजवायला कोणी उरलं नाही. म्हणजे मी बोललो त्याने काही सुधारलं, असं नाही.

तर ती ओळ अर्धीच सोडून मी गवंड्याची थापी उचलली. साहेबांना वाटलं, मी पाटीचं काही बघतोय. मी तीन पायऱ्या उतरून हौदात गेलो आणि उत्तरेच्या भिंतीवर थापीची कड लावली. चार वर्षांचे थर होते. ते पापड्यांसारखे निघायला लागले. वरून साहेबांचा आवाज येत होता, “मास्टरजी, यह क्या कर रहे हैं? अरे, दीवार ख़राब होगी!” पाहुणे काठावर गोळा झाले होते, त्यांच्या सावल्या माझ्या अंगावर पडत होत्या. आधी तळवा निघाला. मग अंगठा. मग मी थापी टाकून नखांनी खरवडलं, कारण थापीने खालचा गिलावाही निघत होता. तीन बोटं निघाली. करंगळी शेवटी निघाली, वाकडी. मी हात बाजूला ठेवला तेव्हा पाहिलं, तो ठसा माझ्या तळहातातही सहज मावला असता.

मी साहेबांना खालूनच सांगितलं, “साहब, यह हमाम नहीं है. यह नील का हौज़ है. रंगरेज़ों का. यह इनका हाथ है, जब ये तेरह साल की थीं. मैं शुरू से जानता था.”

वर काठावरच्या सावल्या मागे सरकल्या. गवंडी तेवढा खोकला.

मी वर आलो. माझे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. जिजी पायरीवरून उठली नव्हती, पण तिने मान पुढे करून हौदात पाहिलं होतं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. लहानपणी चुलीजवळ बसायचो, तसा.

“जिजी,” मी म्हणालो, “त्या दिवशी ऑफिसची माणसं आली नव्हती. तुझ्या किल्लीने दार मी उघडलं. तो चुना मी लावला. तू मोठ्या साहेबाला खरं सांगत होतीस तेव्हा मी ‘जी’ म्हणालो, आणि त्याने तुझं पोरगं गेलं. वडिलांसाठी केलं असं मी म्हणत आलो, तेही पूर्ण खरं नाही. तुझा हात मी पुसला, जिजी. मला माफ कर.”